आठवड्याची मालकी

आमच्या नात्यात सध्या तीन घरांच्या कपाटांत टाइमशेअरची कागदपत्रं आहेत. एकाकडे नव्व्याण्णव वर्षांचा करार आहे, एकाकडे पंचवीस वर्षांचा, आणि तिसऱ्या घरी नुसतं एक कार्ड आणि दरवर्षी जमा होणारे पॉइंट. गेल्या दिवाळीत तिघं एकत्र भेटले तेव्हा मी सहज विचारलं, "तुम्ही नक्की काय विकत घेतलंय?" पहिले म्हणाले, खोली. दुसरे म्हणाले, आठवडा. तिसरी माझी भाची. ती म्हणाली, "मामा, ती मेंबरशिप असते." तिघांनी मिळून बरीच मोठी रक्कम भरलेली आहे, आणि तीन उत्तरं तीन दिशांना! त्यात आता आमचे धाकटे साडू निवृत्त झालेत. ग्रॅच्युइटी हातात आली आहे आणि त्यांना एक दिवसाआड "सर, आपण लकी कपल आहात" असा फोन येतो. ते हे वाचणार आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे एखादी गोष्ट समजेनाशी झाली की ती मुळात कुठून आली हे शोधायची खोड लागली आहे. बहुतेक वेळा ती खोड उपयोगी पडते. टाइमशेअरच्या बाबतीत तर फारच पडली. कारण गेल्या साठ वर्षांत या धंद्यात विकली जाणारी वस्तू हळूहळू बदलत गेली, नाव मात्र बहुतेक तेच राहिलं.

परदेशात जाण्याआधी आपल्या विहिरीवरून जाऊ.

माझ्या आजोळी शेतात एक विहीर होती. सातबाऱ्यावर तिच्यात आमच्या मामांचा हिस्सा चार आणे. म्हणजे विहिरीचा एक कोपरा त्यांचा होता असं नव्हे. आठ दिवसांत त्यांची पाळी दोन दिवस, त्या दिवशी मोट त्यांची आणि पाणी त्यांच्या पाटाला. मालकी वेळेची होती. पण त्याबरोबर तीन गोष्टी येत. विहिरीचा गाळ काढायचा झाला की चार आण्यांप्रमाणे वर्गणी द्यावी लागे, त्या वर्षी तुम्ही पाणी घेतलेलं असो वा नसो. दुसरी गोष्ट, श्रावणातली पाळी कुणालाच नको असे आणि चैत्र-वैशाखातल्या पाळीसाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नसत. आणि तिसरी, तो चार आणे हिस्सा वेगळा विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळायचं नाही. घेणार कोण? ज्याचं शेत त्या पाटाला लागून आहे तोच. हे तीन मुद्दे डोक्यात ठेवा. टाइमशेअर म्हणजे हीच विहीर आहे. फरक एवढाच की आजोळच्या विहिरीचे हिस्सेदार एकमेकांना ओळखत होते आणि गाळ काढायला स्वतः उतरत होते.

आता युरोपात जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सगळी पडझड सावरून लोकांच्या हातात पैसा आला आणि पगारी रजाही मिळू लागली. समुद्रकाठी किंवा डोंगरात स्वतःचं एक घर असावं अशी इच्छा मध्यमवर्गाला होऊ लागली, पण वर्षातून दोन-तीन आठवड्यांसाठी घर घेणं परवडणार कुणाला? १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हॅपिमॅग नावाची कंपनी निघाली. तिची कल्पना अशी : लोकांनी कंपनीचे शेअर घ्यावेत, त्या पैशातून कंपनीने ठिकठिकाणी सुट्टीची घरं घ्यावीत आणि शेअरधारकांना दरवर्षी लाभांशाऐवजी राहण्याचे पॉइंट मिळावेत. घरं कंपनीची, कंपनी शेअरधारकांची. सहकारी गृहनिर्माण संस्थेची आपल्याला सवय आहे, त्यामुळे हे समजायला अवघड जाऊ नये. ही कंपनी आजही चालू आहे.

त्याच दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये सुपरदेव्होलुई या बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या ठिकाणी दुसरा प्रकार सुरू झाला. तिथल्या जाहिरातीचा आशय होता, खोली भाड्याने कशाला घेता, हॉटेलच विकत घ्या, स्वस्त पडतं! म्हणजे अर्थातच हॉटेलचा एक आठवडा. दरवर्षी तोच आठवडा, तीच इमारत. 'टाइम शेअरिंग' हा शब्द त्या काळी संगणकाच्या जगात वापरात होता. एक अजस्र आणि महाग यंत्र अनेकांनी वेळ वाटून घेऊन वापरायचं, त्याला ते नाव. खोलीलाही तो शब्द चपखल बसला.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. मला तर ही कल्पना आवडलीसुद्धा. अकरा महिने कुलूप लावून ठेवलेल्या बंगल्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

खरी कलाटणी मिळाली अमेरिकेत, आणि ती चणचणीतून मिळाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात समुद्रकाठी फ्लॅटच्या इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. १९७३ साली तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं, व्याजदर चढले, मंदी आली. फ्लॅट पडून राहिले. पूर्ण फ्लॅट घ्यायला कुणी येईना तेव्हा बिल्डरांनी युरोपातली ही युक्ती उचलली आणि फ्लॅटचे आठवडे पाडून विकायला काढले. वर्षाचे बावन्न आठवडे. त्यातला एखाद-दुसरा रंगरंगोटीला ठेवायचा, उरलेले विकायचे. आणि इथे त्यांना एक गंमत कळली.

ती गंमत आकड्यांनी सांगतो. (आकडे माझे, समजण्यापुरते.) समजा एक फ्लॅट चाळीस लाखांचा आहे. त्याचे पन्नास आठवडे प्रत्येकी तीन लाखांना विकले तर किती झाले? दीड कोटी. चाळीस लाखांच्या वस्तूचे दीड कोटी! पण घाई नको, वरचे एक कोटी दहा लाख सगळेच नफा नसतात. एका फ्लॅटला एक गिऱ्हाईक शोधायचं ते आता पन्नास शोधायची. जाहिराती, फोन करणारी मुलं-मुली, हॉटेलातला हॉल, चहा-नाश्ता, भेटवस्तू, विक्रेत्याचं कमिशन. या धंद्यात विक्रीच्या किमतीतला फार मोठा भाग विकण्याच्याच खर्चात जातो, हे धंद्यातले लोकही नाकारत नाहीत. आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तीन लाख देऊन तुम्ही सही करता त्या क्षणी त्यातला मोठा वाटा तुम्हाला शोधण्यात खर्च झालेला असतो. भिंतीत, जमिनीत तो नसतोच. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही तोच आठवडा विकायला काढलात तर तीन लाख येत नाहीत. अमेरिकेत इंटरनेटवर एक-एक डॉलरला टाइमशेअरचे आठवडे विकायला ठेवलेले लोकांनी पाहिले आहेत, आणि त्या किमतीलाही घेणारा मिळेलच असं नाही. वस्तू वाईट होती म्हणून असं होतं असं नाही. किमतीत वस्तूच थोडी होती.

एक डॉलरलाही कुणी घेत नाही याचं दुसरं कारण म्हणजे विहिरीचा गाळ. मेंटेनन्स. रिसॉर्टचे माळी, सफाई, वीज, पोहण्याचा तलाव, छपराची दुरुस्ती, कर आणि व्यवस्थापन कंपनीची फी, हा सगळा खर्च आठवडेवाल्यांत वाटला जातो. तो दरवर्षी भरावा लागतो, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. तो महागाईप्रमाणे वाढतो. वादळात इमारत पडझडली तर कधी जादा वर्गणीही निघते. अमेरिकेतले जुने करार बहुधा कायमच्या मालकीचे असत, जमिनीच्या खरेदीखतासारखे नोंदवलेले. विक्रेते मोठ्या अभिमानाने सांगत, हे तुमच्या मुलांना वारसाने मिळेल. ते खरंच होतं, पण आठवड्याच्या मागून त्याची वार्षिक पावतीही वारसाकडे येऊ बघत होती. तिथल्या कितीतरी कुटुंबांत आता म्हातारे आईवडील गेल्यावर मुलं वकिलाला विचारायला जातात की हे आम्ही नाकारू शकतो का.

आता विहिरीचा दुसरा मुद्दा, श्रावणातली पाळी. दरवर्षी त्याच गावी त्याच आठवड्यात जायचं म्हटलं की पहिली दोन वर्षं हौस असते, तिसऱ्या वर्षी कंटाळा येतो. त्यावर १९७४ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये जॉन आणि क्रिस्टेल डीहान या जोडप्याने तोड काढली. रिसॉर्ट काँडोमिनियम्स इंटरनॅशनल, म्हणजे आरसीआय, ही त्यांची कंपनी. तुम्ही तुमचा आठवडा तिथे जमा करा, दुसऱ्या कुणी तरी त्याचा जमा केलेला असेल, त्याचा तुम्ही घ्या. १९७६ मध्ये मायामीत इंटरव्हल इंटरनॅशनल ही दुसरी कंपनी निघाली. आठवड्यांची ही जणू पतपेढीच. आज आरसीआयशी शंभराहून अधिक देशांतली हजारो रिसॉर्ट जोडलेली आहेत. टाइमशेअर जगभर पसरलं त्याचं सगळ्यात मोठं श्रेय मी या अदलाबदलीला देईन. फ्लोरिडातला एक आठवडा घेऊन माणूस आल्प्समध्ये जाऊ शकतो म्हटल्यावर त्या कागदाचं रूपच पालटलं.

पण अदलाबदल आली की भाव आला. सगळे आठवडे सारखे नसतात. आरसीआयने त्यांना रंग दिले. मागणीचे लाल, मधले पांढरे, कुणाला नको असलेले निळे. ज्याच्याजवळ निळा आठवडा आहे त्याला लाल मिळेल अशी आशा धरून तो विकत घेतला गेला असेल, तर निराशा ठरलेलीच. पुढे कंपन्यांनी ठरावीक आठवड्याऐवजी 'तरता' आठवडा आणला. मोसम तुमचा, तारीख उपलब्धतेप्रमाणे. त्यानंतर पॉइंट आले. १९८४ मध्ये मॅरियट या धंद्यात उतरली, १९९१ मध्ये डिस्ने, पाठोपाठ हिल्टन. मोठी नावं आल्यामुळे धंद्याला प्रतिष्ठा आली हे कबूल केलं पाहिजे. डिस्नेने सुरुवातीपासून पॉइंट दिले आणि एक चांगली गोष्ट केली, कराराला शेवट ठेवला. त्यांच्या फ्लोरिडातल्या पहिल्या रिसॉर्टचे मूळ करार २०४२ मध्ये संपतात.

मात्र पॉइंट म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही समजावं असं सांगायचं तर असं की, पूर्वी तुमच्या हातात विहिरीची पाळी होती, आता चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर किती पाणी हे विहीरवाला ठरवणार. भाचीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "पण मामा, ॲपवर सगळं दिसतं." दिसतं, खरं आहे.

युरोपात हा धंदा ऐंशीच्या दशकात स्पेनच्या किनाऱ्यावर आणि कॅनरी बेटांवर फोफावला आणि तिथेच सर्वांत बदनाम झाला. उन्हासाठी आलेल्या ब्रिटिश आणि जर्मन प्रवाशांना रस्त्यात गाठायचं, खरवडायचं तिकीट हातात द्यायचं, त्यावर हमखास बक्षीस निघायचं, आणि ते घ्यायला म्हणून रिसॉर्टवर नेलं की चार-पाच तास सुटका नाही. हीच खरवडायची तिकिटं नव्वदच्या दशकात आपल्या गोव्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यांवर आली, कारण गोव्यातले सुरुवातीचे काही रिसॉर्ट याच ब्रिटिश प्रवाशांना आठवडे विकत होते. कळंगुटला सुट्टीत गेलेल्या आमच्या एका सहशिक्षकांना असं तिकीट मिळालं होतं. ते संस्कृतचे. त्यांनी ते न खरवडता पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि अजून ठेवलेलं आहे!

तक्रारी वाढल्या तसे कायदे आले. ब्रिटनने १९९२ मध्ये कायदा करून ग्राहकाला सही केल्यावर चौदा दिवसांत विनाकारण करार मोडण्याचा हक्क दिला. १९९४ मध्ये युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी किमान दहा दिवस ठरवले, आणि २००८ च्या नव्या निर्देशाने ते चौदा केले, शिवाय त्या मुदतीत एक पैसाही आगाऊ घ्यायचा नाही हा आधीचा नियम कायम ठेवला. स्पेनने १९९८ च्या कायद्यात कराराची कमाल मुदत पन्नास वर्षं ठरवली. अनेक कंपन्या तरीही बेमुदत करार विकत राहिल्या. जानेवारी २०१५ मध्ये कॅनरी बेटांवरच्या एका क्लबविरुद्धच्या दाव्यात स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने असा बेमुदत करार रद्दबातल ठरवला, आणि मग दाव्यांची रांगच लागली. ज्यांना वाटत होतं की 'कायमचं' हा शब्द आपल्या फायद्याचा आहे, त्यांच्यापैकीच लोक तो शब्द चुकीचा होता हे सिद्ध करायला कोर्टात गेले. मला इतिहासातले असे प्रसंग फार आवडतात.

आता आपल्या देशात. भारतात टाइमशेअर ऐंशीच्या दशकात आलं. १९८६ मध्ये चेन्नईत स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स सुरू झाली. उटी, कोडाईकनाल अशी ठिकाणं आणि नव्व्याण्णव वर्षांचं सदस्यत्व. तेव्हाची परिस्थिती आठवा. मध्यमवर्गाची सहल म्हणजे एल.टी.सी., आणि उतरायचं कुठे तर ओळखीच्या माणसाकडे किंवा सरकारी विश्रामगृहात. स्वच्छ खोली आणि बरोबर स्वयंपाकाची सोय हे अप्रूप होतं. त्यामुळे लोकांनी घेतलं यात नवल नाही. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली, सावरली, आणि २०१४ मध्ये थॉमस कुक इंडियाने ती आपल्याकडे घेण्याचं जाहीर केलं. नव्व्याण्णव वर्षांच्या करारातली पहिली तीस वर्षंही कंपनीच्या एका मालकीत गेली नाहीत. हा दोष म्हणून नाही सांगत. करार करताना माणूस आपल्या आयुष्याचा हिशोब करतो, कंपनीच्या आयुष्याचा करत नाही, एवढंच.

१९९६ मध्ये महिंद्र हॉलिडेज आली. मुन्नारपासून सुरुवात केली. त्यांनी मुदत पंचवीस वर्षांवर आणली, वर्षाला सात रात्री, आणि मोसमाचे चार रंग केले. जांभळा सर्वांत महाग, मग लाल, पांढरा, निळा. यात जागेची मालकी नाही, वापराचा हक्क आहे, आणि हे त्यांच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं. माझ्या मते ही पद्धत अधिक प्रामाणिक. एक लहानशी पण बोलकी गोष्ट त्यांच्या हिशोबाच्या वह्यांत सापडते. २०१८ पर्यंत सदस्याने भरलेल्या रकमेपैकी साठ टक्के भाग कंपनी प्रवेश शुल्क म्हणून लगेच उत्पन्नात धरत असे, आणि उरलेले चाळीस टक्के मुदतीवर पसरत असे. हे त्या वेळच्या नियमांना धरूनच होतं. नंतर नवं लेखामानक लागू झालं आणि सगळी रक्कम सदस्यत्वाच्या वर्षांवर पसरून दाखवावी लागली. कंपनी बदलली नाही, रिसॉर्ट बदलले नाहीत, पण ताळेबंद बदलला. आपण भरलेले पैसे नेमके कशाचे, याचं उत्तर मला आमच्या तिघा नातेवाइकांपेक्षा त्या लेखामानकात जास्त सापडलं.

एका कंपनीच्या प्रेझेंटेशनला आम्ही उभयता जाऊन आलो आहोत, काही वर्षांपूर्वी. कंपनीचं नाव सांगत नाही. मॉलमध्ये सुनेने कूपन भरलं होतं. जोडीनेच यायचं अशी अट असते, कारण एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो. मुलगा चुणचुणीत होता. "काका, हॉटेलला दिलेलं भाडं म्हणजे वाया गेलेले पैसे," असं त्याने तीनदा सांगितलं. मी मान हलवत होतो. आमच्या हिने एकच प्रश्न विचारला, "मे महिन्यात मिळेल का?" नातवंडांच्या शाळा आहेत ना! तो म्हणाला, "काकू, तुमच्या सीझनप्रमाणे आणि अव्हेलेबिलिटीप्रमाणे." ही म्हणाली, "म्हणजे नाही." त्यानंतर मॅनेजर आले, त्यांच्यानंतर त्यांचे मॅनेजर आले, आजच्या आज सही केल्यास सवलत निघाली. आम्ही डोसा खाऊन परत आलो. वैशाखातल्या पाळीचा प्रश्न तिने दोन मिनिटांत काढला, मला त्यावर एवढा लेख लिहावा लागतोय.

तरी एकाच बाजूने बोलणं बरं नव्हे. मघाचेच आकडे घेऊ. तीन लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला एकवीस हजार आले असते. मेंटेनन्स पंधरा हजार धरू. आणि पंचवीस वर्षांनी ते तीन लाख परत मिळणार नाहीत, म्हणजे वर्षाला आणखी बारा हजार गेले. एकूण अठ्ठेचाळीस हजार, सात रात्री. रात्रीला सुमारे सहा हजार नऊशे. चौघांचं कुटुंब, स्वयंपाकघर असलेली मोठी खोली, चांगलं ठिकाण, तर हा भाव वाईट नाही. पण कधी? दरवर्षी गेलात तर. एक वर्ष चुकलं आणि रात्री पुढे नेता आल्या नाहीत की पुढची रात्र दुप्पट. आमचे पंचवीस वर्षांच्या करारवाले भाऊ दरवर्षी चार महिने आधी बुकिंग करतात, पावसाळ्यात जायला त्यांची ना नाही, आणि त्यांनी सगळे पैसे वसूल केलेत. नव्व्याण्णववाल्यांचे गुडघे गेले. दोघांचा कागद थोडाफार सारखाच, माणसं वेगळी.

आता जो भाग सांगण्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो तो. साडूभाऊ, इथे लक्ष द्या.

आपल्या महाराष्ट्रात टाइमशेअरचं एक वेगळंच रूप झालं, जे स्पेनमध्ये किंवा फ्लोरिडात मला दिसलं नाही. तिथे फसगत झाली तरी माणूस सुट्टीच घ्यायला गेला होता. इथे सुट्टी नुसती नावाला उरली. मुंबईची पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड ही कंपनी 'रूम नाइट्स' विकत असे. पैसे भरा, इतक्या रात्रींचा हक्क मिळेल, आणि रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीच्या अखेरीस 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणून भरल्यापेक्षा जास्त रक्कम मिळेल. जरा थांबून विचार करा. विहिरीची पाळी घेतली, पाणी उपसलं नाही, तर शेवटी पाण्याचे पैसे परत, वर व्याज! अशी विहीर कुठे असते? ज्या घटकेला न वापरण्याबद्दल जादा पैसे देण्याचं कबूल केलं जातं, त्या घटकेला ते टाइमशेअर राहत नाही, ठेव होते. फक्त ठेवीला लागणारी परवानगी त्यामागे नसते.

सेबीचं म्हणणं हेच होतं. लोकांचा पैसा एकत्र करायचा, नफ्याची आशा दाखवायची आणि कारभार ठेवीदाराच्या हातात नसायचा, याला कायद्याने सामूहिक गुंतवणूक योजना म्हणतात आणि त्यासाठी सेबीकडे नोंदणी लागते. जुलै २०१४ मध्ये सेबीने कंपनीला नवे पैसे घेण्यास मनाई केली. २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितले. गुंतवणूकदार किती? एक्कावन्न लाखांच्या वर. हा आकडा वाचल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. पन्नास लाख लोकांनी वर्षात फक्त एकेक रात्र राहायचं ठरवलं असतं तर रोज, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, पौने चौदा हजारांच्या आसपास खोल्या भरल्या असत्या. हे गणित सातवीच्या वर्गातलं आहे. २०१५ मध्येच रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स या मुंबईच्याच दोन कंपन्यांच्या सुट्टी-योजनांवरही सेबीने असेच आदेश काढले होते.

एक्कावन्न लाख लोकांना एवढं कळलं नाही का, असं तरुण मुलं विचारतात. त्यांना तो काळ माहीत नाही. अशा योजना दारावर अनोळखी माणूस घेऊन येत नसे. एजंट म्हणजे गल्लीतला किराणावाला, भिशी चालवणाऱ्या वहिनी, नाही तर शेजारच्या शाळेतले मास्तर. आमच्या स्टाफरूममध्येही पगाराच्या दिवशी अशाच एका योजनेची पावतीपुस्तकं येत. वर सांगितलेल्यांपैकी ती कुणाची होती असं माझं म्हणणं नाही. महिना पाचशे रुपये, त्याला शिपाईदादासुद्धा हो म्हणत. त्यांच्यापैकी कुणीही डोंगरावर जाऊन राहणार नव्हतं. 'रूम नाइट' हा शब्द पावतीवर होता, पण मुलीचं लग्न आणि घराचं छप्पर हे त्यांच्या डोक्यात होतं. बँकेत त्यांना टेबलाशी बसवून कुणी बोललं नसतं, आणि इथे तर ओळखीचा माणूस दर महिन्याला येऊन चहा पिऊन जात होता.

म्हणून साडूभाऊंना पहिला प्रश्न हाच विचारायचा आहे की फोनवरचा मुलगा शेवटी पैसे परत देण्याचं काही बोलला का. बोलला असेल तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा, म्हणजे फोन बंद होईल. बोलला नसेल, नुसती सुट्टीच विकत असेल, तर मग मे महिन्याचं विचारा. वार्षिक शुल्क कशाच्या आधारे वाढतं, न भरल्यास काय होतं आणि करार मध्येच सोडायचा झाला तर किती कापून घेणार, हे तोंडी नको, कागदावर दाखवायला सांगा. टाइमशेअरसाठी आपल्याकडे युरोपासारखा स्वतंत्र कायदा नाही. सही केल्यावर विचार बदलण्याची मुदत आहे की नाही, किती दिवसांची, हे करारातच पाहावं लागतं. करार मात्र बहुधा सही झाल्यावर टपालाने येतो.

ज्यांचं आधीच बिनसलं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती मात्र पाळावी लागते. आणि पॅनकार्डच्या बाबतीत, २०२२ मध्ये कंपनीवर दिवाळखोरी कायद्याखाली कारवाई सुरू झाली. अशा प्रकरणात पैसे मागायला कागद लागतात. आपल्या घरात, आईवडिलांच्या ट्रंकेत, जुन्या एल.आय.सी.च्या पिशवीत तसली प्रमाणपत्रं किंवा पावत्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा, आणि दोन झेरॉक्स काढून एक मुलाकडे द्या.